एक जूनची माणसं

सावेडी, अहमदनगर
१८ ऑगस्ट १९९८

चि. महेंद्र यास,
ताईचा सप्रेम जय भीम आणि आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले, पण उत्तर लिहायला बसावं तर शाळेचं काहीतरी निघतंच. यंदा आठवीचे दोन्ही वर्ग गणिताला माझ्याच गळ्यात मारलेत, शिवाय संध्याकाळचा कॉम्प्युटर क्लास आहे. गच्चीवरची टाकी गळत होती, ती नीट करून घेतली. तू पाठवलेला फोटो आईनं कपाटावर ठेवलाय. येता-जाता काढते आणि अगदी नाकाशी धरून बघते. पोरगा वाळलाय असं शेजारच्या छबूबाई म्हणाल्या, तर दिवसभर त्यांच्यावर रुसून बसली.

छबूबाईंनीच परवा विचारलं, तुमचा महेंद्र तिकडं नेमकं करतो काय? तुझ्या नोकरीचं आईला सांगता येत नाही, पण 'ओळख'चं येतं. म्हणाली, "त्यानं येक हुशार कारकून केलाय बाई, फुकाट. कुनीबी न्यावा, आपल्या कामाला बसवावा. दोन कागद म्होरं ठिवले की सांगतो, ह्यो मानूस अन् त्यो मानूस येकच हाय का येगळा." तुझी 'ओळख' म्हणजे लायब्ररी, आणि लायब्ररी म्हणजे दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये बसवायचा तयार तुकडा, हे क्लासमधल्या पोरांच्या डोक्यात घालायला मला अख्खा तास लागतो. आईनं चहा गाळता गाळता उरकलं.

आता कामाचं. 'ओळख'सोबतच्या फाईलमध्ये अडचणी कळवायला तू आपल्या घरचा पत्ता दिलास. तू पुण्यात होतास आणि शनिवारी घरी यायचास तोवर ते ठीक होतं. आता तू अमेरिकेत आणि कार्डं माझ्या दारात. पोस्टमन विचारतो, ताई, दवाखाना काढलाय का. मी जमेल तशी उत्तरं देते. 'ओळख'चा सोर्स कोड वाचून वाचून आता तोंडपाठ झालाय म्हटलंस तरी चालेल. बारीकसारीक दुरुस्त्या मी आणि पारनेरचा संदीप मिळून करतो. संदीप म्हणजे तुझ्या मागच्या वर्षाला होता तो, आता दूध संघात कॉम्प्युटर बघतो. कोपरगावला जयमाला म्हणून एक मुलगी शाळांच्या पटाचं काम घेते. ती दुरुस्तीची फ्लॉपी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून एसटीच्या कंडक्टरकडं देते आणि मी तारकपूर स्टँडवर जाऊन घेते. एकदा कंडक्टर बदलला आणि फ्लॉपी थेट सोलापूरला जाऊन आली.

एक चूक मात्र आमच्या हातातली नाही. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव आणि जन्मतारीख जुळली की तुझा कारकून दोन माणसांना एकच धरतो. गाव वेगळं असलं तरी धरतो, कारण माणसं गाव बदलतात, असं तू तिथं लिहूनही ठेवलंयस. कबूल. पण जन्मतारीख, महेंद्र? शाळेत नाव घालताना आपल्याकडच्या गुरुजींनी काय तारीख लिहिली? एक जून. माझी एक जून, तुझी एक जून, संदीपची एक जून. मढीकडच्या एकेका गावात ढिगानं कानिफनाथ आणि गोरक्षनाथ नावाचे, आणि सगळे एक जूनचे. तू तिकडं ऑफिसात एक जूनला केक कापतोस. आई म्हणते, तू झालास तेव्हा बाजरीची कणसं खुडायला बाया आल्या होत्या.

पारनेरला डोळ्यांचं शिबिर भरतं. आधीच्या शिबिरांत ज्यांचं ऑपरेशन झालं त्यांना मागं ठेवायचं आणि नव्यांना आधी घ्यायचं, अशी तिथली पद्धत. ती यादी संदीपनं 'ओळख' बसवून केली होती. त्यात एका बाईंना सांगितलं की तुमचं ऑपरेशन झालेलं आहे. झालेलं होतं ते त्याच नावाच्या दुसऱ्या बाईंचं. रांगेतली माणसं हसली म्हणे. बाई परत गेल्या.

संदीपचं म्हणणं असं की 'ओळख'नं हो किंवा नाही यापलीकडं तिसरं उत्तरही द्यावं, की मला ठाऊक नाही, माणसाला विचारा. मलाही ते पटतं. तू बघ आणि कळव. तुझ्या होकाराशिवाय तुझ्या सोर्समध्ये एवढा मोठा बदल आम्ही करणार नाही.

आईच्या दोन ओळी या वेळी नाहीत. तिचे हात पिठाचे आहेत.

तुझी,
भारतीताई


सावेडी, अहमदनगर
२८ नोव्हेंबर १९९८

चि. महेंद्र यास,
सप्रेम जय भीम.

तू बरा असशील. तुमच्याकडं आता थंडी पडली असेल, अंगात स्वेटर घालत जा, गाडीत बसायचं असलं तरी. आपल्या घरापुढचा रस्ता खणून ठेवलाय, स्कूटर रोज कोपऱ्यावर लावून चालत यावं लागतं. दसऱ्याला आई विहारात गेली नाही. मध्ये तिचं डोकं फार दुखत होतं, आता बरं आहे. आता स्वयंपाक मीच करते. तिला म्हटलं, आयुष्यभर केलास, आता बस.

संदीपला तू पाठवलेली ई-मेल त्यानं पुण्याहून छापून आणली. मला वेगळं पत्र नाही. माझ्या पत्राचं उत्तर तू त्याच्याकडून मला द्यावंस, इतकं काय रे माझं चुकलं?

तू लिहितोस, माहितीच चुकीची भरली तर त्याला प्रोग्रॅम काय करणार, लोकांच्या खऱ्या जन्मतारखा भरा. पुढं लिहितोस, एका बाईच्या घोळावरून मी सगळी रचना बदलणार नाही. वर विचारतोस, 'ओळख'च ठाऊक नाही म्हणायला लागली तर ती 'ओळख' कसली?

अरे शहाण्या, खऱ्या तारखा कुणाला विचारायच्या? ज्या बाया शाळेची पायरी चढल्या नाहीत त्यांना? शिबिरातला स्वयंसेवक वय विचारतो, बाई म्हणते असेल की साठ, आणि तो सवयीनं एक जून टाकून मोकळा होतो. हे तुला ठाऊक नाही असं मी कसं मानू? तुझ्या पासपोर्टवर काय आहे? संदीप कागद माझ्यापुढं ठेवून उभाच राहिला. एरवी तो माझ्यापुढं मोठ्यानं बोलत नाही. म्हणाला, "ताई, त्याला सांगा, आमी चुकीचे जन्मलो न्हाई."

टाकीचं, रस्त्याचं, विहाराचं लिहून झालं. आता जे लिहायला बसले ते लिहिते. आम्ही वेगळे निघालो आहोत.

गेल्या रविवारी सगळे आपल्या घरी जमले होते. संदीप, जयमाला, आणि जिल्ह्यातली तुझी 'ओळख' वापरणारी आणखी पाच-सहा माणसं. तू काही बदलणार नाहीस हे ई-मेलवरून सगळ्यांना कळलं होतं. 'ओळख'ची शेवटची प्रत घेऊन तिथून पुढं आपलं आपण चालायचं, असं ठरलं. तूच फाईलच्या डोक्यावर लिहून ठेवलंयस ना, ज्याला हवी त्यानं घ्यावी, बदलावी, वाटावी, फक्त पुढच्यालाही तशीच मोकळी द्यावी. त्या शब्दांच्या बाहेर आम्ही गेलेलो नाही. नाव मात्र तुझं वापरायचं नाही, नाहीतर कुणाला कोणती मिळाली ते कळायचं नाही. जयमालानं 'विचारपूस' नाव सुचवलं आणि सगळ्यांना आवडलं. कुणीतरी भांडण हा शब्द काढला, तर संदीप म्हणाला भांडण कसलं, हा फाटा आहे, एवढा वेळ एकच रस्ता होता.

'विचारपूस'ची पक्की प्रत कुणी सांभाळायची असा प्रश्न आला आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी नाही म्हटलं. खरंच म्हटलं. भावाच्या कामाला बहिणीनंच फाटा फोडायचा म्हणजे काय दिसतं ते! पत्ता आपला आहे म्हणून कार्डं येतात, कार्डं येतात म्हणून तुझ्याशी काहीतरी धागा आहे, तोही मी तोडून टाकते की काय असं वाटलं. हे सगळं मी लोकांपुढं बोलले नाही. तुला लिहितेय.

आई दारात पाट टाकून बसली होती. मी कशाला अडलेय ते तिच्या लक्षात आलं. म्हणाली, "येगळं निगा. पर त्याचं नाव पुसायचं न्हाई. पयलं नाव त्याचंच ऱ्हाईल." सगळ्यांनी मान्य केलं, आणि प्रत सांभाळायला मीही हो म्हटलं. प्रत्येक फाईलवर पहिलं नाव तुझं आहे, आमची खाली. आणि चाचणीसाठी खोट्या माणसांची एक यादी केलीय, सगळी एक जूनची. कुणी काही बदललं की आधी ती यादी चालवून बघायची, कुणी कुणात मिसळत नाही ना, आणि मगच पुढं द्यायचं.

रात्रंदिवस एकच विचार डोक्यात आहे. माझं गणित पक्कं आहे, पण मी तुझ्याएवढी शिकलेली नाही. माझ्या हातून काही राहिलं आणि पारनेरच्या शिबिरात पुन्हा कुणी परत गेलं तर? फेब्रुवारीत शिबिर आहे आणि यादी 'विचारपूस' करणार आहे. सोर्स संदीप तुला ई-मेलनं पाठवेल. आपला म्हणून नको, परक्याचा म्हणून बघ. पण बघ.

रागावलास तरी पत्र लिही. रागावून लिही.

आईच्या ओळी याही वेळी नाहीत. मीच घाईत आहे, पोस्टाची वेळ झाली.

तुझी,
ताई


पारनेर
२१ फेब्रुवारी १९९९

प्रिय महेंद्र,
जय भीम.

हे पत्र पारनेरहून, शाळेच्या ओसरीवर बसून लिहिते आहे. आत वर्गांमध्ये बाकं हलवून खाटा टाकल्यात आणि आई आत आहे. काल तिचं ऑपरेशन झालं, उजव्या डोळ्याचं. पट्टी उद्या सोडणार.

पत्र तुझं आलंच नाही, दुरुस्ती आली. जानेवारीत संदीप स्वतः घेऊन आला. तू आमच्या तिसऱ्या उत्तराचं काम आमच्यापेक्षा नीट करून दिलंस, आणि माझी एक चूकही काढलीस. नवऱ्याचं नाव रिकामं असलं की माझा प्रोग्रॅम ते जुळलंच असं धरत होता. विधवा बाया नवऱ्याचं नाव सांगायला कचरतात, तिथं रिकामं राहतंच. मला सुचलं नव्हतं. कितीजणी एकमेकींत मिसळल्या असत्या, कुणास ठाऊक.

मग संदीपनं चाचणीची यादी उघडली. आमच्या खोट्या माणसांच्या खाली तू तीन नावं घातली होतीस. महेंद्र पुंजाराम साळवे, सावेडी, एक जून. भागिरथी पुंजाराम साळवे, सावेडी, एक जून. आणि तिसरी पुन्हा भागिरथी पुंजाराम साळवे, फक्त गाव पारनेरकडचं. दोघींपुढं अपेक्षित उत्तर लिहिलेलं, ठाऊक नाही, विचारा. त्याच्यावर इंग्रजी अक्षरांत एक मराठी ओळ, ताई, आई का लिहीत नाही?

संदीप माझ्याकडं न बघता अंगणात जाऊन उभा राहिला.

म्हणजे तुला कळलं होतं. मी पीठ सांगितलं, पोस्टाची वेळ सांगितली, आणि तू तिकडं बसून बरोबर जुळवलंस. शिबिरातून परत गेलेल्या त्या बाई म्हणजे आई. मी शपथेला बांधलेली होते म्हणून लिहिलं नाही. शपथ तिनंच घातली होती.

गेल्या वर्षी शिबिराच्या दिवशी माझी शाळेत परीक्षेची ड्यूटी होती, म्हणून ती छबूबाईंना घेऊन पारनेरला गेली. त्या डॉक्टरांवर तिचा फार विश्वास, छबूबाईंचे डोळे त्यांनीच केले. खिडकीवरचा स्वयंसेवक म्हणाला, आजी, तुमचं मागच्या वर्षीच झालंय. छबूबाई त्याच्याशी जोरात भांडल्या. तो म्हणाला, मावशी, ही 'ओळख' आहे, चुकायची नाही, आपल्या नगरच्याच पोराचं काम आहे, अमेरिकेत असतो आता. छबूबाई सांगतात, तोवर आई पिशवीतून कागद काढत होती. ते ऐकलं आणि कागद परत पिशवीत ठेवले. "चल छबू, माजंच चुकलं," म्हणाली आणि रांगेतून निघाली.

घरी मला सांगितलं, मी तारीख विसरले. गल्लीत सगळ्यांना तेच. छबूबाईंनी मला खरं सांगितलं तेव्हा मी हट्टच धरला, नगरात कुठल्याही दवाखान्यात नेते, आत्ता चल. ती ऐकेना. म्हणाली, "माज्या लेकाच्या यादीतनं मी खोडली गेले. आता त्याच्याच यादीतनं आत जाईन. दुसऱ्या दारानं न्हाई जायची." महेंद्र, मी तिच्यावर ओरडले, रडले, अण्णांच्या फोटोपुढं उभं केलं. ती अण्णांसारखीच. छापखान्यात खिळे जुळवता जुळवता अण्णांनी तिला अक्षरं शिकवली, तेव्हापासून आपलं नाव कुठं छापून आलं की ती बोट ठेवून वाचते. यादीत नाव असण्याचं तिला काय वाटतं, ते मला तुला सांगायला नको.

दसऱ्याच्या सुमाराला जे डोकं दुखत होतं, ते डोकं नव्हतं. डावा डोळा होता. मोतीबिंदू पिकून फुगला आणि आतला दाब वाढला. तिनं अंगावर काढलं. उलट्या सुरू झाल्या तेव्हा मी उचलून नेलं. उशीर झाला होता. डावा डोळा गेला.

लिहिलं एकदाचं.

तुझा काही दोष नाही असं लिहिणार होते. पण थोडा आहे, आणि थोडा तिचाही आहे. तुझी ती ई-मेल तिनं माझ्याकडून वाचून घेतली होती. 'एका बाईच्या घोळावरून' ते वाक्य मी गाळलं. तिनं विचारलं, एवढंच? मी म्हटलं, एवढंच. तुझ्यावर मी फार चिडले होते रे. तू तुझं नाव एक जून घालून त्या यादीत लिहिलंस, ते बघितलं तेव्हा राग गेला. सगळा नाही गेला.

उजव्या डोळ्यालाही ती इथंच येणार म्हणाली. मी आणि संदीप हातापाया पडलो. आम्हाला म्हणते कशी, नवी यादी तुमचीच ना, मग तुमचाच तिच्यावर भरवसा नाही? आणि दुसरी भागिरथीही दुसऱ्या डोळ्याला येणार होती. मी आईसाठी खिडकीशी उभी राहिले असते आणि भांडून तिला आत नेलं असतं, पण मग ती दुसरी राहिली असती. आई म्हणाली, "दोगी गेलो तर यादी खरी."

परवा यादी छापून लागली. दोघींची नावं खालीवर, आणि दोन्हींपुढं 'विचारा'. खिडकीवर तोच स्वयंसेवक. त्यानं मान वर केली आणि विचारलं, आजी, गाव कोणतं? आधी कुठला डोळा झालाय का? बस, एवढंच. आईनं ठणकावून गाव सांगितलं. आता दोघी शेजारशेजारच्या खाटांवर आहेत. ती भागिरथी डब्यात शेंगोळे घेऊन आली होती आणि दोघींचं सकाळपासून बोलणं संपत नाही. संदीप अधूनमधून दारातून डोकावतो आणि मागं फिरतो. वर्षभर तो आईच्या समोर बसू शकला नाही. आज तिनं त्याला बोलावून घेतलं आणि पाय चेपायला सांगितले.

डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू कडक होता, वेळ लागला, पट्टी सोडल्याशिवाय काही सांगता येत नाही. मी उद्यापर्यंत थांबून लिहू शकले असते. उद्या दिसलं तर मी तुला तेवढंच कळवीन आणि डावा डोळा गिळून टाकीन. नाही दिसलं तर माझ्यानं लिहवणार नाही. म्हणून आजच लिहिलं.

मी कुणाला लिहितेय ते तिला कळलंय. पेन मागितलं. मी म्हटलं, पट्टी आहे, उद्या लिही. ऐकते थोडीच. मी फक्त कागद धरला. ओळी एकमेकींवर चढल्यात, तुला लागायच्या नाहीत, म्हणून तिचा कागद सोबत ठेवून खाली उतरवून देते. एक अक्षरही बदललेलं नाही.

तुझी,
ताई

म्हयंद्र, जय भीम. यादीत दोगींचं नाव आलं. तुज्या कारकुनानं इचारलं आजी तुमी कोन, मी सांगितलं. तू लाजून तिकडंच बसू नगं. ये. डोळा उगडला तर बगीन, न्हाई उगडला तर हात फिरवून बगीन.
तुजी आई,
भागिरथी पुंजाराम साळवे, सावेडी, येक जून